पुठ्ठ्यावरचा थेंब

थोरल्या जाऊबाईंना,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. कंबर धरली आहे. का धरली ते पुढे येईलच, त्यासाठीच तर कागद घेतला.) तुमचा खोकला गेला का? की अजून घरचाच समजून मुक्कामाला राहिला आहे? मागच्या वेळी फोनवर तुम्ही दोन शब्द बोलत होतात आणि चार वेळा खोकत होतात, त्यामुळे बातमी कळली पण नीट पोहोचली नाही. मोठ्या भावोजींची तब्येत कशी आहे, हेही विचारायचं होतं. पण इथे त्यांचं नाव काढलं की तुमचे धाकटे दीर ताटावरून उठून अंगणात जातात, म्हणून कागदावर विचारते. गॅरेजची आवराआवर कुठवर आली? जागेच्या मालकाने जागा परत मागितली, भावोजींनी लांबची नोकरी धरली, येत्या सोमवारी निघणार आणि मग दोन-तीन वर्षं तोंड दिसायचं नाही, हे सगळं तुम्ही एका दमात सांगितलंत, आणि मी नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवला. त्यात बरं काही नव्हतं हो. पण आमचा फोन बैठकीत, आणि हे पण बैठकीत. 

म्हणून हे पत्र. सासूबाईंनी तुमच्यासाठी उशांचे अभ्रे शिवले आहेत, त्यांच्या घडीत घालून समोरच्या पोस्टमास्तरांच्या हाती पाठवते आहे. (जन्मभर दुसऱ्यांची पत्रं पोहोचवली, आता निवृत्तीनंतर आणखी एक. त्यांना फक्त अभ्रे आहेत एवढंच माहीत आहे.) अभ्र्यांची शिवण कुठे कुठे उसवल्यासारखी दिसेल, तिकडे दुर्लक्ष करा. सासूबाईंचं मशीन हल्ली कुरकुरतं. त्यातलं तेल संपलं म्हणतात. मागच्याच महिन्यात नवी कुपी आणली होती, मशीन तेल पितं की काय कोण जाणे. बाकी त्या ठणठणीत आहेत. गुडघा अधूनमधून बोलतो, पण त्या त्याला फारसं बोलू देत नाहीत. उलट हल्ली सगळ्यांच्या आधी उठून अंगणातल्या कुंड्यांना पाणी घालतात. इतकी वर्षं त्या कुंड्यांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नव्हतं. म्हातारपणी माणसाला कशाची आवड लागेल सांगता येत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. आमची गाडी तुम्हाला माहीतच आहे. बसायच्या आधी दार दोनदा आपटावं लागतं ती. तिच्याखाली तेल गळायला लागलं. ह्यांनी फ्रिजच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा फाडून इंजिनाखाली अंथरला आणि रोज सकाळी लोक वर्तमानपत्र वाचतात तसा हे तो पुठ्ठा वाचायला लागले. आज एक थेंब, आज दोन, आज एक पण मोठा. मग निदान झालं. इंजिनातून एक फिरता दांडा बाहेर येतो, त्याच्याभोवती रबराचं एक कडं असतं, लहान मुलीच्या बांगडीएवढं. ते तेलाला आत अडवून धरतं. त्याला ऑइल सील म्हणायचं. ते कडं म्हातारं होऊन कडक झालं, चिरलं, की तेल बाहेर. (हे मी आता झोपेतून उठवलंत तरी सांगेन. लग्नाची तारीख सांगायला वेळ लागेल.) कडं केवढंसं, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला चाक काढा, पट्टे काढा, मग दांड्यावरची पुली काढा, म्हणजे भांडं घासायला अख्खं स्वयंपाकघर उचकटायचं. मी म्हटलं, गॅरेजमध्ये द्या. हे म्हणाले, कुठल्या?  आपल्या माहितीचं गॅरेज एकच, आणि त्याचं नाव घरात घ्यायची सोय नाही. मी भाजी निवडायला घेतली. तेव्हा हेच म्हणाले, मला येतं, मी लहानपणापासून बघत आलोय.

जाऊबाई, बघत आलोय हे अगदी खरं आहे. दोघं भाऊ शाळेत असल्यापासून भावोजींनी सायकली, मिक्सर, मोटरी, हाताला लागेल ते उघडायचं आणि ह्यांनी टॉर्च धरायची, ही या घरातली वाटणीच होती. चाळीस वर्षं ह्यांनी टॉर्च धरली. त्यामुळे दुरुस्तीतलं जे जे टॉर्च धरणाऱ्याला दिसतं ते ह्यांना सगळं येतं. भावोजी पाना अडला की 'हं, आता ये बेट्या' म्हणतात ना? हे तस्सं म्हणतात. भावोजी वर न बघता नुसता तळवा पसरतात आणि 'चौदा' म्हणतात ना? हेही पसरतात. आणि पाना द्यायला कोण? मी. मी चौदाचा पाना दिला की न बघता 'हा नव्हे' म्हणायचं, मग परत तोच दिला की 'हां, हा' म्हणायचं. हे भावोजींचं अगदी हुबेहूब. फक्त पान्याच्या दुसऱ्या टोकाला काय करायचं ते भावोजींच्या मुठीआड झाकलं जायचं, तेवढंच बघायचं राहून गेलं आहे.

आणि त्या टॉर्चवरूनच तर सगळं झालं. तुम्ही तेव्हा आत माझ्या बहिणीशी बोलत होतात, म्हणून माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. आमच्याच अंगणात, ह्याच गाडीच्या पोटात भावोजींचे दोन्ही हात, माझ्या माहेरची सगळी माणसं चहाचे कप घेऊन भोवती उभी. ह्यांची नजर नेहमीसारखी भावाच्या हातांवर, आणि उजेड भलतीकडे. भावोजी एकदा म्हणाले, इकडे. दुसऱ्यांदा म्हणाले, अरे इकडे. तिसऱ्यांदा म्हणाले, "तुझ्या हातात देण्यापेक्षा खिळ्याला टांगलेली बरी." माझा भाऊ हसला. (त्याचं हसणं तुम्ही ऐकलं आहे. गल्लीच्या टोकाला जातं.) ह्यांनी टॉर्च बंद केली, भावोजींच्या खिशात ठेवली आणि आत येऊन पंख्याखाली बसले. भावोजींनी उरलेलं काम अंदाजाने संपवलं, हात पुसले आणि चहा न घेता गेले. त्याला दोन वर्षं झाली. एकाच आईची दोन मुलं, आणि बोलणं बंद कशावरून, तर उजेडावरून!

तर ते असो. शनिवारी सकाळी गाडी विटांवर चढली, चाक निघालं, पट्टे निघाले, आणि पुलीच्या मधल्या बोल्टपाशी सगळं थांबलं. तो बोल्ट म्हणजे ह्यांच्याच घराण्यातला. हलेचना. मला गाडीत बसवून ब्रेकवर उभं राहायला सांगितलं. (बसून उभं कसं राहायचं ते विचारलं, तर म्हणाले, चेष्टा नको.) पान्याला जोर पुरेना, तेव्हा लांबी वाढवायला बैठकीतल्या पडद्याची नळी काढून आणली. ह्यांनी अंगातली सगळी ताकद लावली. नळी वाकली, बोल्ट ढिम्म. तेव्हापासून बैठकीला पडदा नाही, आणि समोरच्या पोस्टमास्तरांना आम्ही काय जेवतो ते विचारायची गरज उरलेली नाही. मग मोरीतला जुना लोखंडी पाइप आणला. ह्यांचा चेहरा लाल, मानेची शीर टरारलेली, माझा पाय ब्रेकवर दाबलेला, आणि मला एकच दिसत होतं की पाना सटकणार आणि ह्यांच्या तोंडावर बसणार.  मी म्हणत होते, पुरे, पुरे. हे म्हणत होते, आता ये बेट्या.

तेवढ्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. थोडा वेळ पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तू टॉर्च धरताना दादाच्या शेजारी असायचास की समोर?" हे म्हणाले, समोर. "मग तुला त्याचा हात जिकडे जाताना दिसायचा, त्याच्या उलट फिरव." जाऊबाई, काय सांगू! चाळीस वर्षं समोरून बघितलेलं. भावोजींचं डावं ते ह्यांचं उजवं. सकाळपासून हे तो बोल्ट प्राण पणाला लावून घट्ट करत होते. एरवी डबे, नळ, दिवे सगळं बरोबर फिरवतात हो, पण गाडीपुढे उभं राहिलं की भावाचा हात डोळ्यांपुढे येतो आणि त्याच्यासारखं करायला जातात. उलट फिरवला, आधीचा आणि आपण वाढवलेला असा दोन्ही जोर मोडायला जेवणवेळ टळून गेली, पण बोल्ट सुटला. माझी कंबर धरली ती तिथे.

मग जुनं कडं उपटून नवं बसवायचं. पहिलं ह्यांनी हातोडीने ठोकून बसवलं, इकडे एक, तिकडे एक. ते तिरकं बसलं. सगळं परत जोडलं, गाडी चालू केली, आणि पुठ्ठ्यावर थेंब नाही, धार. मी काही बोलले नाही. सासूबाईही बोलल्या नाहीत. न बोलणाऱ्या दोन बायकांमध्ये जेवायला बसणं पुरुषाला फार जड जातं, हे लवकर जेवून उठले. दुसरं कडं आणलं तेव्हा मात्र ह्यांनी घाई केली नाही. प्लंबरकडून नेमक्या रुंदीचा पाइपचा तुकडा मागून आणला, कड्याच्या ओठाला बोटाने तेल लावलं, ते दांड्यावर असं सरकवलं की जणू झोपलेल्या पोराला पांघरूण घालताहेत, आणि पाइपचा तुकडा टेकवून चारी बाजूंनी हलके हलके आत बसवलं. मी टॉर्चचा उजेड धरला होता. माझ्या मनात आलं, की हे हात काही वाईट नाहीत. ह्यांना कुणी हातात पाना दिलाच नाही, एवढंच. जोडून झालं, नवा पुठ्ठा अंथरला, गाडी चालू केली, आम्ही तिघं पुठ्ठ्याकडे टक लावून उभे. कोरडा! संध्याकाळी बघितला, कोरडा. हे त्या दिवशी दोनदा जेवायला मागून जेवले आणि मला म्हणाले, बघ, जमलं. जाऊबाई, इतक्या वर्षांत ह्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

सकाळी पुठ्ठ्यावर एक थेंब होता.

एकच. पण मधोमध, गोल. हे उकिडवे बसले ते उठेचनात. म्हणाले, काहीतरी राहिलं. परत विटा, परत चाक, परत पट्टे. आत बोट फिरवून पाहिलं, सगळं कोरडं. तरी ह्यांनी तिसरं कडं आणून घातलं. दिवसभर कोरडा पुठ्ठा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेंब. मी म्हटलं, ह्या थेंबाचा रंग बघा, पाण्यासारखा आहे. तर म्हणाले, तेल नवं आहे, स्वच्छच असणार. ऐकावे जनाचे करावे मनाचे. मग ह्यांनी पुठ्ठा झाडायला म्हणून गाडी चांगली हातभर मागे ढकलली आणि पुठ्ठा होता तिथेच राहिला. सकाळी थेंब जुन्याच जागी. म्हणजे गाडी मागे, आणि थेंब पुढे, उघड्या आभाळाखाली! पोस्टमास्तर येऊन बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, उतार असेल. ह्यांनी पाणी ओतून उतार तपासला. पाणी दुसऱ्याच दिशेला, सासूबाईंच्या कुंड्यांकडे गेलं. त्यावर पोस्टमास्तर म्हणाले, तेलाचं तसं नसतं, आणि घरी गेले.

इथपर्यंत मी तुम्हाला हसत सांगितलं, पण पुढचं हसण्यासारखं नाही. गेल्या तीन-चार दिवसांत हे बोलेनासे झाले आहेत. चिडत नाहीत. चिडले असते तर बरं, ओरडा खायची मला सवय आहे. सकाळी उठून पुठ्ठा बघतात, त्याच्याशेजारी पाटावर बसतात आणि स्वतःचे हात उलटसुलट करून बघतात. परवा मी चहा घेऊन गेले तर माझ्याकडे न बघता म्हणाले, माझ्या हातातच काही नाही. मला गलबलून आलं.  कप खाली ठेवला आणि आत आले. मग थोड्या वेळाने हे गाडीशी बोलले. हो, गाडीशीच, कारण अंगणात दुसरं कुणी नव्हतं आणि आम्ही दोघी खिडकीच्या आत होतो. म्हणाले, "दादाला एका नजरेत कळलं असतं." सासूबाईंनी माझा हात धरला. आत येऊन ह्यांनी फोनही उचलला. बैठकीला पडदा नाही, त्यामुळे पोस्टमास्तरसुद्धा तिकडून टाचा उंचावून बघत होते. दोन-तीन आकडे फिरवले आणि ठेवून दिला. म्हणाले, तो कामात असेल.

मला भीती वाटते, जाऊबाई. सोमवारी भावोजी जाणार. सासूबाईंचं वय काय, तुम्हाला माहीत आहे. त्या तोंडाने एवढंच म्हणतात, की दोघांना एकत्र बोलताना एकदा ऐकलं की मी मोकळी. दोन-तीन वर्षांनी भावोजी येतील तेव्हा त्यांनी काय ऐकायचं आणि कुणी ऐकवायचं? ह्यांना वाटतं दादा आपणहून येईल. तिकडे भावोजी म्हणत असतील, त्याचं काम अडलं तर बोलावेल. तुम्ही मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंत, की या घरातल्या पुरुषांना गरज लागते पण मागता येत नाही. तेव्हा मला ती गंमत वाटली होती.

बाकी सगळं ठीक. आमचं इथे काही अडलेलं नाही. गाडी काय, आज ना उद्या होईल. तेव्हा उत्तराची घाई करू नका आणि यातलं भावोजींच्या कानावर काही घालू नका, उगीच निघायच्या गडबडीत त्यांच्या डोक्याला ताप. खोकल्याला जपा.

तुमची,
टॉर्चवाली धाकटी

ता. क. वरचा शेवटचा परिच्छेद खोडायचा होता, पण अंगणातून 'उजेड धर' अशी हाक आली म्हणून राहून गेला. तो वाचू नका. आमचं सगळं अडलं आहे. भावोजींना रविवारी सकाळी इकडे पाठवा. ते कामाशिवाय कुणाच्या दारात उभे राहत नाहीत, तुमच्या माहेरीसुद्धा पंखा बिघडल्याचा निरोप आला तरच जातात, हे तुम्हीच सांगितलं आहे. म्हणून त्यांना सांगा की आईचं शिलाई मशीन अडलं आहे आणि ती रोज आठवण काढते. दोन्ही खरं आहे. हत्यारांची पिशवी घेऊन येऊ द्या. टॉर्च मात्र आणू देऊ नका. कशी ते तुम्ही बघा, लपवा, पाण्यात बुडवा. तुम्ही म्हणाला होतात ना, की गॅरेजमध्ये ते टॉर्च खरंच खिळ्याला टांगतात आणि मग दिवसभर त्या खिळ्यावरच ओरडतात, इकडे, अरे इकडे? मशीनचं पोट उघडलं की उजेड लागणारच. ते न बघता तळवा पसरतील. त्या वेळी मी घरात नसेन, माझी बाहेर कामं आहेत. उजेड धरायला घरात एकच माणूस असेल. ह्या वेळी मी त्याला समोर नाही, शेजारी उभं करणार आहे, हे सासूबाईंचं आणि माझं ठरलं आहे.

पुन्हा ता. क. तुम्ही म्हणाल, सासूबाईंचं आणि तुझं ठरलं म्हणजे काय? सांगते, पण हे वाचून झालं की फाडा. गाडी दुसऱ्या कड्यालाच दुरुस्त झाली. ह्यांनी केली, एकट्याने, आणि उत्तम केली. इंजिनात काही दोष नाही. इंजिनाचं जुनं तेल काजळीसारखं असतं आणि नवं मधासारखं, इतकं मला आता कळतं. पुठ्ठ्यावरच्या थेंबाला वास होता सासूबाईंच्या मशीनचा. गाडी मागे ढकलल्याच्या दुसऱ्या दिवशी मी लवकर उठून खिडकीत उभी राहिले. सासूबाई कुंड्यांना पाणी घालायला गेल्या, इकडेतिकडे पाहिलं, पदराआडून ती लांब नाकाची कुपी काढली, गाडीकडे न बघताच नेहमीच्या जागी वाकल्या आणि एक थेंब सोडला. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हे. मी जाऊन विचारलं, आई, हे काय? त्यांना जराही लाज वाटली नाही. म्हणाल्या, "ह्याचं जमलं तर तो दादाला कशाला बोलावील? आणि जमलं नाही असं ह्याला वाटेल तरच तो मोठा येईल. मला दोघं पाहिजेत, गाडी नको." तेव्हा भावोजी आले, दोघं बोलले, की मग सासूबाई स्वतःच्या तोंडाने ह्यांना सांगणार आहेत, की तुझं काम दुसऱ्या कड्यालाच चोख झालं होतं. भावोजींनीही एकदा ती पुली बघून मान हलवली तर फार बरं होईल. ह्यांना दुसऱ्या कुणाची मान चालत नाही.

शेवटचं ता. क. सासूबाईंचा गुडघा परवापासून आखडला आहे, त्यांना वाकता येत नाही. म्हणजे तुमच्या लक्षात आलंच असेल, काल आणि आज सकाळचा थेंब माझा. पहिल्या दिवशी घाईघाईत दोन पडले. परत येऊन रडले आणि मग ह्यांना दोनदा साखर घालून चहा दिला. कंबर धरलेली आहे, वाकताना जीव जातो, आणि ह्यांचा तो सकाळचा चेहरा बघताना त्याहून जास्त जातो. म्हणून हात जोडून सांगते, काहीही करा पण भावोजींना रविवारी पाठवाच. कुपीत तेवढ्यापुरतंच तेल उरलं आहे.